ओटीपी जुन्या नंबरवर, भाषण मोबाइलचं

पत्र

सप्रेम नमस्कार. मी कऱ्हाडजवळच्या एका हायस्कुलातून मराठी शिकवून निवृत्त झाले. वय ६७. गावातल्या वाचनालयात दर शनिवारी मुलांची वादविवाद आणि वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घेते. गेल्या पावसाळ्यात माझा फोन पाण्यात पडून गेला. त्यातलं सिम जुनं, रिचार्जही संपलेला, म्हणून मुलाने नवा नंबर घेऊन दिला. आता माझं गूगलचं खातं उघडत नाही. पासवर्ड टाकला की कोड जुन्या नंबरवर पाठवला असं सांगतं. बारा वर्षांचे विषय, टिपणं, मुलांचे फोटो त्यात अडकलेत. मुलगा पुण्याला असतो. त्याला विचारलं की चिडतो, "आई, तुला किती वेळा सांगितलं होतं." आता विचारायचीच भीती वाटते.

दुसरं असं, की तालुक्याच्या स्पर्धेत माझ्याकडच्या दोन मुलांनी चॅटजीपीटीवरून भाषणं आणली. मला पत्ताही नव्हता. त्यातला एक पहिला आला. जिने स्वतः बसून लिहिलं, त्या मुलीला उत्तेजनार्थही मिळालं नाही. ती आता वर्गाला येत नाही. पूर्वी मी मुद्दे काढून द्यायचे आणि मुलं पाठ करायची. ते काम मोबाइल दोन मिनिटांत करतो. मग मी कशाला हवी? वर्ग बंद करावा का?

– एक शिक्षिका

उत्तर

बाई, नमस्कार.

वर्ग बंद करू नका. हे सुरुवातीलाच लिहिते, कारण पुढचं उत्तर लांबणार आहे आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे. पण आधी खात्याचं बघू, त्यात दिवस घालवून चालणार नाही.

तुमचा पासवर्ड चुकलेला नाही आणि तुम्ही काही विसरलेल्याही नाही. तुमची ओळख पटवायचं काम एका सिमकार्डावर सोपवलेलं होतं आणि ते सिम बंद पडलं, एवढंच घडलंय. बँक, गॅस, पेन्शन, आधार, मेल असं सगळं आपण त्या दहा आकड्यांना बांधून ठेवतो, आणि तो नंबर तर कंपनीचा असतो. प्रीपेड सिमवर ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत. त्यानंतर मात्र तो नव्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. म्हणून आधार कार्ड घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत दुकानात जा आणि जुना नंबर अजून तुमच्या नावावर मिळतो का ते विचारा. कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याकडे हे काम नेऊ नका. नंबर मिळाला तर कोड येईल आणि निम्मी डोकेदुखी तिथेच संपेल.

नंबर हातचा गेला असेल, तर गूगलच्या आधी बँक. जुन्या नंबरवर येणारे ओटीपी उद्या एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजायला लागतील, ही खरी काळजीची गोष्ट आहे. पासबुक आणि ओळखपत्र घेऊन शाखेत जा, नंबर बदलायचा अर्ज भरा, पोच घ्या. पेन्शन त्याच खात्यात येत असेल तर त्याच वेळी विचारून घ्या. मग आधार. आधार केंद्रावर नंबर बदलून मिळतो. केंद्रावरची रांग झेपणार नसेल तर पोस्टात चौकशी करा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने २०२१ पासून पोस्टमनच्या हस्ते घरपोच नंबर बदलून द्यायची सोय केलेली आहे. नातेवाइकांच्या आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधूनही जुना नंबर काढायला सांगा.

आता गूगल. तिथे कुणा माणसाशी बोलून खातं सुटत नाही, यंत्रच तुमच्या उत्तरांवरून ठरवतं की या बाई त्याच आहेत का. त्यामुळे प्रयत्न कुठून करता याला फार महत्त्व आहे. ज्या कॉम्प्युटरवर किंवा टॅबवर तुम्ही हे खातं पूर्वी उघडत होता, तिथूनच करा, आणि घरच्या नेहमीच्या वायफायवरून करा. कोड जुन्या नंबरवर पाठवला असं जिथे लिहून येतं, तिथेच दुसऱ्या मार्गाने प्रयत्न करायचा पर्याय असतो, तो दाबा. आठवणारा शेवटचा पासवर्ड विचारला तर जुना का होईना, जवळपासचा टाका. प्रश्न टाळण्यापेक्षा अंदाजाने उत्तर देणं बरं, एखादं चुकलं म्हणून लगेच बाद करत नाहीत. कधी कधी काही तास किंवा काही दिवस थांबा असं सांगतात. ते मुद्दाम असतं, म्हणजे चोराने प्रयत्न केला असेल तर खऱ्या मालकाला कळायला अवधी मिळतो. तेवढं थांबा. चिडून एका दुपारी वीस वेळा तेच करू नका.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर, मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर किंवा घरातल्या एखाद्या टॅबवर तुमचं खातं अजून उघडं राहिलेलं आहे का? शनिवारच्या वर्गासाठी तुम्ही तिथे कधीतरी लॉगिन केलं असणारच. सापडलं तर तिथून लॉगआउट करू नका. आधी सगळी टिपणं उतरवून पेनड्राइव्हवर घ्या, मग नवा नंबर घालायचा प्रयत्न करा.

आणि बाई, हे हात जोडून सांगते. गूगलचा कस्टमर केअर नंबर म्हणून इंटरनेटवर जो नंबर सापडेल, त्यावर फोन करू नका. खातं परत मिळवून द्यायचे पैसे गूगल घेत नाही. जो मागतो तो लबाड. "मावशी, एक छोटं अॅप टाका, मी इथूनच करून देतो," असं कुणी गोड बोलून सांगितलं की फोन ठेवून द्या, कारण त्या अॅपमधून त्याला तुमची सगळी स्क्रीन दिसते, बँकेचा ओटीपीसुद्धा. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

खातं उघडलं की त्याच बैठकीत सुरक्षेच्या पानावर जा. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर कोडही मागायची सोय, चालू असेल तिथे बॅकअप कोड मिळतात. एकदम दहा कोड येतात, प्रत्येक आठ आकड्यांचा, आणि एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर छापून एलआयसीच्या पॉलिसीसोबत कपाटात ठेवा. फोन हरवला, सिम गेलं, तरी त्या कागदाने खातं उघडतं. दुसरा मेल म्हणून मुलाचा पत्ता द्या. फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अॅपही टाकून घ्या. त्यातला कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि त्याला ना रेंज लागते ना रिचार्ज. पासवर्ड वहीत लिहावा का, हे बरेच जण दबकत विचारतात. सगळीकडे एकच सोपा पासवर्ड ठेवण्यापेक्षा घरातल्या वहीत वेगवेगळे लिहून ठेवलेले कितीतरी सुरक्षित, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त ती वही पर्समध्ये घालून फिरू नका आणि बँकेचा पिन त्यात नको. शिवाय डिसेंबर २०२३ पासून गूगल सलग दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकू शकतं, तेव्हा जुनं एखादं खातं असेल तर अधूनमधून उघडत चला.

नाहीच मिळालं खातं, तर? तरी सगळं गेलं असं धरू नका. बारा वर्षांत तुम्ही मुलांना मेल केलेली टिपणं त्यांच्या मेलमध्ये आहेत. ड्राइव्हवरून ज्या फायली त्यांना पाठवल्या होत्या, त्या त्यांच्याकडून अजून उघडतील. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक ओळ लिहा. तुमच्या हाताखालून गेलेली मुलं हे काम आनंदाने करतील.

मुलाबद्दल थोडं. तो काळजीपोटी चिडतोय, पण त्याच्या चिडण्यामुळे तुम्ही विचारायचं टाळता, आणि टाळल्याने अडचण वाढते. हे त्याला फोनवर सांगू नका, तो घरी येईल तेव्हा समोर बसवून सांगा. म्हणा, "तू करून देऊ नकोस. बटणं मी दाबते, तू शेजारी बस आणि मी विचारेन तेवढंच सांग." मुलं आपल्या हातातून फोन घेतात, भराभर चार ठिकाणी बोटं फिरवतात आणि "झालं" म्हणून परत देतात. त्यातून आपल्या हाती काहीच लागत नाही. तुम्ही इतकी वर्षं मुलांना शिकवलंत, खडू स्वतःच्याच हातात ठेवला तर मूल शिकत नाही हे तुम्हाला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता शनिवारच्या वर्गाकडे येऊ, ज्याच्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत.

पाठ केलेलं भाषण पहिलं येणं हे चॅटजीपीटीने सुरू केलेलं नाही. भाषणांचे संग्रह होते, वडिलांनी लिहून दिलेली भाषणं होती, शाळेत सरांनी लिहून दिलेली होती. तुम्हीही मुद्दे काढून देत होता. ते प्रेमाने आणि कष्टाने करत होता यात शंका नाही, पण ते काम आता सोडून द्या असंच मी सांगेन. त्या कामात मोबाइलशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या बऱ्याच वादविवाद स्पर्धांत वाद होतच नाही. एक जण अनुकूल बाजूने पाठ म्हणतो, दुसरा प्रतिकूल बाजूने पाठ म्हणतो, घंटा होते, दोघेही बसतात. कुणी कुणाला ऐकलेलं नसतं. अशा स्पर्धेत यंत्राचं भाषण जिंकणारच, कारण स्पर्धा सफाईला गुण देते.

खऱ्या वादात काय होतं, त्याचं एक उदाहरण मुलांना जरूर सांगा. ११ फेब्रुवारी २०१९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत आयबीएम या संगणक कंपनीच्या 'प्रोजेक्ट डिबेटर' या यंत्राचा हरीश नटराजन यांच्याशी जाहीर वाद झाला. नटराजन हे २०१६ च्या जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलेले वक्ते. पूर्वप्राथमिक शाळांना सरकारने अनुदान द्यावं, असा ठराव होता. यंत्र ठरावाच्या बाजूने, नटराजन विरोधात. तयारीला दोघांनाही १५ मिनिटं. मग प्रत्येकी ४ मिनिटं भाषण, ४ मिनिटं खंडन आणि २ मिनिटं समारोप. सुरुवातीला ७९ टक्के श्रोते ठरावाच्या बाजूचे होते, शेवटी ६२ टक्के उरले. ज्याने जास्त मतं वळवली तो विजेता असा नियम होता, त्यामुळे नटराजन जिंकले. यंत्राने अभ्यासांचे दाखले भरपूर दिले होते. नटराजन यांनी शिशुशाळा चांगल्या असतात हे मान्य केलं आणि मग विचारलं की सरकारकडे पैसा मोजका असताना तो इथेच का, आणि अनुदान दिल्यावरही सगळ्यात गरीब मूल बाहेरच राहणार नाही का. समोरच्याचं ऐकून, त्यातलं खरं ते मान्य करून, मग नेमक्या जागी बोट ठेवलं. आजची यंत्रं २०१९ पेक्षा कितीतरी सफाईने बोलतात. पण आपल्या मुलांनी शिकायचं आहे ते हेच ऐकणं आणि उत्तर देणं, आणि ते यंत्र किती हुशार झालं यावर अवलंबून नाही.

विद्यापीठांच्या ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीच्या स्पर्धांत विषय १५ मिनिटं आधी कळतो, तयारीत इंटरनेट नाही, प्रत्येकाला ७ मिनिटं, आणि पहिल्या व शेवटच्या मिनिटाचा अपवाद सोडला तर विरोधी बाजूचा कुणीही उठून प्रश्न टाकू शकतो. तुमच्या शनिवारी यातलं थोडं आणा. चिठ्ठ्यांवर विषय लिहा, बाजू नाणेफेकीने ठरवा, फोन टेबलावर पालथे, वेळ १५ मिनिटं. बोलणाऱ्याला मध्येच प्रश्न विचारायची मुलांना मुभा द्या. पहिले दोन-तीन शनिवार गडबड होईल, एखादं मूल रडेलही. होऊ द्या.

समजा विषय निघाला, 'शाळेत मोबाइलवर पूर्ण बंदी हवी.' पाठ केलेलं भाषण हमखास 'आजच्या धावत्या युगात मोबाइल हे दुधारी शस्त्र आहे' असं सुरू होईल. आता एखाद्या वाडीवरून येणारी मुलगी उभी राहून म्हणाली, "आमची शेवटची एसटी साडेपाचला सुटते. क्लास लांबला आणि ती चुकली, तर घरी कळवायला माझ्याकडे मोबाइलच आहे." तिथे तुम्ही विचारा, "मग शाळेच्या ऑफिसातला फोन का नाही चालणार?" ती क्षणभर अडखळेल. मग म्हणेल, "ऑफिसला सव्वापाचला कुलूप लागतं." समोरचा मुलगा म्हणेल, "म्हणजे तुझं म्हणणं मोबाइलबद्दल नाहीच, कुलपाबद्दल आहे. ऑफिस सहापर्यंत उघडं ठेवा." आता वाद सुरू झाला! तिला स्वतःचा मुद्दा तपासावा लागेल. या चार वाक्यांत जे घडलं ते घडवून आणायला समोर बाई लागतात, कुठे अडवायचं आणि कुठे थांबायचं हे कळणाऱ्या.

मोबाइलला वर्गातून हाकलू नका. त्याला विरोधी पक्षात बसवा. मुलांनी आपले मुद्दे आधी स्वतः वहीत लिहायचे, मग चॅटजीपीटीला विचारायचं की या मुद्द्यांवर सगळ्यात कडक आक्षेप कोणते. ते आक्षेप वाचून, फोन ठेवून, उभं राहून खोडून काढायचे. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, पुरता मांडल्याशिवाय उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर, मांडायचा नाही ही आपल्याकडची जुनीच शिस्त आहे. फक्त तिथे आलेला प्रत्येक आकडा, सन आणि अवतरण दुसरीकडे तपासायला लावा. हे यंत्र नसलेला दाखलाही तितक्याच ठामपणे देतं. मोठ्या मुलांना एका शनिवारी टिळकांच्या बाजूने आणि पुढच्या शनिवारी आगरकरांच्या बाजूने बोलायला लावा. आधी स्वराज्य की आधी सामाजिक सुधारणा, या वादापायी आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. दोन्हीकडून बोलल्यावर मुलांना कळतं की समोरचा मूर्ख नसतो.

त्या दोन मुलांना चोर ठरवू नका. त्यांना कुणी नियम सांगितला नव्हता. बक्षीस मिळालेल्या मुलाला एका शनिवारी तेच भाषण पुन्हा करायला सांगा आणि मध्ये मध्ये विचारा, "हे तुला कसं माहीत? याचा अर्थ काय? याच्या उलट कुणी म्हटलं तर?" आवाज चढवू नका. आपल्या तोंडच्या वाक्याचं उत्तर आपल्याकडे नाही, हे त्याचं त्यालाच जाणवेल. आणि भाषण यंत्राचं आहे का हे ओळखून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलावर त्याच्या भरवशावर आळ घेणं फार वाईट.

पण सगळ्यांत आधी त्या मुलीच्या घरी जा. निरोप पाठवू नका, स्वतः जा. तिचं भाषण सोबत न्या आणि त्यातली तुम्हाला आवडलेली दोन वाक्यं तिला आणि तिच्या आईवडिलांना वाचून दाखवा, का आवडली तेही सांगा. परीक्षकांचं चुकलं असं तिला सरळ सांगायला हरकत नाही. खोटी समजूत घालू नका, तिचं जिथे कच्चं होतं तेही सांगा. तिला पुढच्या शनिवारी बोलवा ते प्रश्न विचारायला, बाकीच्यांची भाषणं तपासायला. जी स्वतः लिहिते, तिला दुसऱ्याचं पोकळ वाक्य लगेच ऐकू येतं.

तालुक्याच्या आयोजकांशीही बोला. तक्रार म्हणून जाऊ नका, सूचना घेऊन जा. प्रत्येक भाषणानंतर परीक्षकांनी दोन मिनिटं प्रश्न विचारावेत आणि शंभरातले चाळीस गुण उत्तरांना आणि खंडनाला द्यावेत, एवढी एकच मागणी करा. खर्च काही नाही, वेळ थोडा वाढतो. इतकी वर्षं मुलं घेऊन येणाऱ्या बाईंचं ते ऐकतील. परीक्षक मिळत नाहीत असं म्हणाले तर तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघांची नावं सुचवा. पत्र मात्र जूनमध्येच द्या, शाळा सुरू होतानाच स्पर्धेचे नियम आणि तारखा ठरतात.